जाहिरातीच्या क्लिकचाही रोजमेळ हवा



दुकानाच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक माणसामागे आपल्याला चाळीस रुपये द्यावे लागले असते, तर आपण दारात एक विश्वासू माणूस नक्कीच बसवला असता. आलेला खरा गिऱ्हाईक आहे की उगाच आत-बाहेर करणारा रिकामटेकडा, यावर त्याने लक्ष ठेवले असते, आणि संध्याकाळी गल्ला मोजताना आपण त्याच्याकडून त्याचा हिशेब घेतला असता. इंटरनेटवरील सर्च जाहिरातींचा व्यवहार नेमका असाच आहे. जाहिरात दिसली म्हणून पैसे लागत नाहीत. तिच्यावर कोणी क्लिक केले की लागतात. मात्र दारात बसणारा तो विश्वासू माणूस बहुतेक पेढ्यांत अद्याप नेमलेला नाही.

अनेक घरांत आज अशी स्थिती दिसते, की जाहिरातीचे बिल वडिलांच्या हाती पडते आणि त्यामागचे आकडे मुलाच्या किंवा सुनेच्या मोबाइलमध्ये असतात. बिल वाढले की वडील म्हणतात, ‘हे सगळे बंद करा.’ मुलगा म्हणतो, ‘बंद केले तर बाजारातून बाहेर पडू.’ दोघांचेही म्हणणे अनुभवावर आधारलेले असते. परंतु दोघांच्या मध्ये ठेवता येईल अशी हिशेबाची वही नसते. ती वही कशी लिहावी आणि तीत खोटे क्लिक कसे ओळखावेत, याचा विचार या लेखात करू.

व्यवहाराचे मूळ

क्लिकनुसार पैसे घेण्याची पद्धत अमेरिकेत १९९८ मध्ये बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू’ या सर्च कंपनीने रूढ केली. गुगलने ऑक्टोबर २००० मध्ये ‘अ‍ॅडवर्ड्स’ ही सेवा सुरू केली आणि २००२ मध्ये तीत क्लिकनुसार आकारणी आणली. २०१८ पासून तीच सेवा ‘गुगल अ‍ॅड्स’ या नावाने ओळखली जाते. लहान व्यापाऱ्याला ही पद्धत सोयीची वाटली, कारण ‘तांब्याची भांडी घाऊक’ असे शब्द लिहून जो स्वतः शोध घेत आहे, त्याच्यासमोरच आपले नाव जाते. वर्तमानपत्रातील जाहिरात हजारोंच्या नजरेखालून जाते, पण त्यातील गरजू किती हे कळत नाही. येथे गरजूच दारी येतो.

परंतु जेथे प्रत्येक पावलाला किंमत आहे, तेथे खोटी पावले टाकणारेही येतात. डिसेंबर २००४ मध्ये गुगलचे तत्कालीन वित्तप्रमुख जॉर्ज रेयेस यांनी गुंतवणूकदारांसमोर उघडपणे सांगितले होते, की क्लिकमधील फसवणूक या संपूर्ण व्यवसायालाच धोका ठरू शकते. पैसे घेणाऱ्या पेढीच्या खजिनदारानेच असे म्हणावे, यावरून विषयाचे गांभीर्य ध्यानी यावे.

खोटा क्लिक कोण करतो?

संशय येताच आपले मन प्रथम शेजारच्या प्रतिस्पर्ध्याकडे धावते. सकाळीच आपल्या जाहिरातीवर भराभर क्लिक करून दिवसाचे बजेट संपवायचे आणि मग वरची जागा स्वतःसाठी मोकळी करून घ्यायची, असे करणारे असतात. परंतु ते एकटेच नाहीत. काही संकेतस्थळे गुगलच्या जाहिराती आपल्या पानांवर दाखवतात आणि प्रत्येक क्लिकमागे त्यांना वाटा मिळतो. त्यांतील काही अप्रामाणिक चालक वाटा वाढवण्यासाठी क्लिक घडवून आणतात. त्यांचे आपल्याशी वैर नसते. आपले नावही त्यांना ठाऊक नसते.

तिसरा प्रकार यंत्रांचा, म्हणजे बॉटचा. बॉट हा माणसाच्या जागी काम करणारा संगणकीय प्रोग्राम. काही बॉट निरुपद्रवी असतात. सर्च कंपन्याच जगभरातील पाने वाचण्यासाठी ते फिरवतात. काही मात्र फसवणुकीसाठीच तयार केलेले असतात. डिसेंबर २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने युरोप व अमेरिकेतील तपास यंत्रणांच्या सहकार्याने ‘झिरोअ‍ॅक्सेस’ नावाच्या बॉटजाळ्यावर कारवाई केली. सुमारे वीस लाख संगणक त्या जाळ्यात अडकलेले होते. गुगल, बिंग आणि याहूवर शोध घेणाऱ्यांना ते भलतीकडे वळवत असे आणि खोटे क्लिकही घडवत असे. त्यातून जाहिरातदारांचे महिन्याला सुमारे २७ लाख डॉलरचे नुकसान होत असल्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते. ते संगणक सामान्य कुटुंबांचे होते आणि आपल्या यंत्रातून चोरी होत आहे, याचा त्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता.

‘मेथबॉट’ नावाचे दुसरे प्रकरण व्हिडिओ जाहिरातींचे होते. पण यंत्र माणसाचे सोंग किती हुबेहूब वठवते, हे त्यातून कळते. डेटा सेंटरमधील १,९०० हून अधिक सर्व्हर भाड्याने घेऊन त्यांच्याकडून माऊस हलवल्याचा, पान खाली सरकवल्याचा, व्हिडिओ मध्येच थांबवल्याचा आभास निर्माण केला जात असे. त्याचा सूत्रधार अलेक्झांडर झुकोव याला न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०२१ मध्ये दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

चौथा प्रकार निष्पाप क्लिकचा. आपलाच जुना गिऱ्हाईक फोन नंबर शोधताना जाहिरातीवर बोट ठेवतो. दुकानातील मुलगा ‘आपली जाहिरात दिसते का’ हे रोज पाहतो आणि सवयीने तिच्यावर क्लिकही करतो. घरातील मंडळी कौतुकाने उघडून पाहतात. यात कपट नाही; पण खर्च होतोच.

टेक्सारकानाच्या दुकानाचा धडा

अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातील टेक्सारकाना या गावी ‘लेन्स गिफ्ट्स अँड कलेक्टिबल्स’ नावाचे भेटवस्तूंचे दुकान होते. २००५ मध्ये या दुकानाने गुगल व इतर कंपन्यांवर दावा लावला. ज्या क्लिकमागे खरा गिऱ्हाईक नव्हता, त्यांचेही पैसे आमच्याकडून घेतले, ही त्यांची तक्रार. २००६ मध्ये गुगलने नऊ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. त्यात वकिलांचे शुल्कही होते आणि जाहिरातदारांना मिळायचे ते रोख नव्हे, तर पुढील जाहिरातींसाठीची जमा रक्कम होती.

या दाव्याच्या निमित्ताने न्यूयॉर्क विद्यापीठातील प्राध्यापक अलेक्झांडर तुझिलिन यांनी गुगलच्या यंत्रणेची आतून पाहणी केली. गुगलचे प्रयत्न वाजवी आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पण त्याबरोबरच त्यांनी एक मूलभूत अडचणही मांडली. क्लिक दिसतो, त्यामागचा हेतू दिसत नाही. एकाच माणसाने दोनदा क्लिक केले, तर तो दोन दुकानांची तुलना करून परत आलेला खरा गिऱ्हाईक असेल किंवा खोडसाळही असेल. यंत्राला फक्त खुणांवरून अंदाज बांधता येतो. सवयीने झटकन दोनदा केलेल्या क्लिकमधील दुसऱ्याचेही पैसे पूर्वी लागत. मार्च २००५ पासून गुगलने ते धरणे बंद केले, हेही त्याच अहवालातून समजले.

आपल्यासाठी यातील बोध असा, की कंपनीची गाळणी असली तरी ती कंपनीच्या नजरेने गाळते. आपल्याकडे आलेला फोन, झालेली चौकशी, निघालेली पावती ही खरी कसोटी आपल्या पेढीतच असते.

वहीत काय लिहावे?

रोज संध्याकाळी सात रकाने भरावेत : तारीख, क्लिक, अवैध क्लिक, खर्च, आलेले फोन, लेखी चौकश्या आणि झालेले सौदे. पहिले चार आकडे गुगल अ‍ॅड्सच्या खात्यातून मिळतात, उरलेले तीन दुकानातून. फोन करणाऱ्या प्रत्येकाला ‘आमचे नाव आपल्याला कोठून कळले?’ हे विनयाने विचारण्याची सवय लावावी.

‘अवैध क्लिक’ हा रकाना अहवालात आपोआप दिसत नाही. तो निवडून घ्यावा लागतो. त्याविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. त्या रकान्यातील क्लिक गुगलने स्वतःच खोटे ठरवून वगळलेले असतात व त्यांचे पैसे लागत नाहीत. बिल झाल्यावर काही क्लिक खोटे आढळले, तर ती रक्कम खात्यात जमा दाखवली जाते. म्हणून बँकेच्या उताऱ्याशी जशी तोंडमिळवणी करतो, तशी दर महिन्याला या जमा रकमेचीही करावी. आपली चिंता मात्र त्या गाळणीतून निसटून गेलेल्या क्लिकची असावी.

एक उदाहरण घेऊ. समजा, स्टीलच्या भांड्यांच्या एका घाऊक पेढीचे रोजचे बजेट १,२०० रुपये आहे आणि एका क्लिकला ४० रुपये पडतात. म्हणजे दिवसाला ३० क्लिक. त्यातून एरवी तीन चौकश्या येतात. प्रत्येक चौकशी ४०० रुपयांना पडते. पुढे असे होऊ लागले, की सकाळी अकरा वाजताच तीस क्लिक संपतात आणि दिवसभरात चौकशी येते एकच. आता तीच चौकशी १,२०० रुपयांना पडली. रोजचे ८०० रुपये वाया जात आहेत. कामाच्या २६ दिवसांत ही रक्कम २०,८०० रुपये होते. वही नसेल तर महिनाअखेरीस ‘या महिन्यात धंदा मंद होता’ एवढेच आपण म्हणू.

मात्र एका दिवसाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. गुगल एखाद्या दिवशी ठरवलेल्या सरासरी बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकते आणि महिन्याच्या हिशेबात ते जुळवते. सणासुदीत, लग्नसराईत क्लिक वाढणारच. चार आठवडे वही लिहिल्यावर आपल्या पेढीची नेहमीची चाल कळते. त्या चालीपासून जे दूर जाते, तेच संशयास्पद.

संशयाच्या खुणा

१. वेळ : घाऊक मालाच्या जाहिरातीवर रात्री दोन ते चार या वेळात क्लिकचा ओघ, किंवा ठरावीक मिनिटांच्या अंतराने येणारे क्लिक. माणूस घड्याळ लावून क्लिक करत नाही.

२. ठिकाण : जेथे आपण माल पाठवतच नाही, अशा दूरच्या शहरांतून अचानक वाढलेली संख्या.

३. शब्द : बाकी सर्व शब्द शांत असताना सर्वांत महाग शब्दावरच क्लिकचा भडिमार.

४. वर्तन : पान उघडून क्षणात बंद. परंतु येथे जपून राहावे. मोबाइलवर पान उघडून लगेच फोन लावणारा उत्तम गिऱ्हाईकही अहवालात असाच दिसू शकतो.

५. पत्ता : संकेतस्थळाच्या सर्व्हरवरील नोंदींत एकाच आयपी पत्त्यावरून वारंवार भेट, किंवा डेटा सेंटरच्या पत्त्यावरून आलेली भेट. डेटा सेंटरमध्ये बसून कोणी डबे-पातेली विकत घेत नाही.

६. चौकशीचा फॉर्म : अर्थहीन नावे, नऊ आकडी मोबाइल क्रमांक, एकाच मिनिटात भरलेले चार फॉर्म.

यांपैकी एकच खूण दिसली तर लक्ष ठेवावे. तीन-चार एकत्र दिसल्या आणि चौकश्याही घटल्या, तर कृती करावी.

आधी घरची तपासणी

खोट्या क्लिकवर ठपका ठेवण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पुष्कळदा गळती येथेच सापडते. पहिली, ‘सर्च टर्म्स’ हा अहवाल. लोकांनी प्रत्यक्ष कोणते शब्द लिहिले, हे त्यात दिसते. भांड्यांची जाहिरात ‘भांडी घासण्याची पावडर’ शोधणाऱ्याला दिसत असेल, तर तो क्लिक खरा आहे, फक्त आपल्या कामाचा नाही. असे शब्द ‘निगेटिव्ह कीवर्ड’ म्हणून वगळावेत.

दुसरी, ठिकाणाची निवड. गुगल मुळात दोन प्रकारच्या लोकांना जाहिरात दाखवते : जे त्या ठिकाणी आहेत ते, आणि ज्यांना त्या ठिकाणात रस आहे तेही. केवळ प्रत्यक्ष तेथे असणाऱ्यांचा पर्याय निवडावा.

तिसरी, जाळ्याची निवड. नवी जाहिरात मांडताना ‘सर्च पार्टनर्स’ आणि ‘डिस्प्ले नेटवर्क’ या खुणा बहुधा आधीच केलेल्या असतात. त्यामुळे जाहिरात गुगलच्या पानाबाहेरील संकेतस्थळांवरही जाते. दोन आठवडे त्या काढून ठेवाव्यात आणि वहीतील चौकशीची किंमत पाहावी. ती उतरली, तर उत्तर मिळाले.

आणि आपली जाहिरात दिसते का, हे पाहायचे असेल तर गुगल अ‍ॅड्समध्ये त्यासाठी वेगळी ‘अ‍ॅड प्रिव्ह्यू’ सोय आहे. घरच्या सर्वांना ती दाखवून द्यावी.

उपाय आणि त्यांच्या मर्यादा

दुकान बंद असते त्या वेळी जाहिरातही बंद ठेवता येते. वारंवार त्रास देणारे आयपी पत्ते प्रत्येक कॅम्पेनमधून ५०० पर्यंत वगळता येतात. परंतु मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच आयपी पत्त्यामागे ठेवतात, आणि तो पत्ता बदलतही असतो. असा पत्ता वगळला तर एका खोडसाळाबरोबर शेकडो सज्जनांना दार बंद होईल. म्हणून हा उपाय डेटा सेंटरच्या किंवा एखाद्या कार्यालयाच्या स्थिर पत्त्यापुरताच वापरावा.

चौकशीच्या फॉर्मला ओटीपीची पडताळणी जोडावी. याचे महत्त्व वाटते त्याहून मोठे आहे. बोली लावण्याचे काम आपण गुगलच्या स्वयंचलित यंत्रणेवर सोपवले असेल, तर ती भरलेल्या फॉर्मवरून शिकते. बॉटने भरलेला फॉर्म तिला यश वाटतो आणि तशाच पाहुण्यांसाठी ती आपले पैसे आणखी खर्च करू लागते.

पुरावा गोळा झाला की गुगलकडे ‘क्लिक क्वालिटी’चा अर्ज करता येतो. त्यात तारखा, वेळा, कॅम्पेनचे नाव, आयपी पत्ते आणि प्रत्येक क्लिकबरोबर येणारी ‘जीसीएलआयडी’ ही खूण द्यावी. ‘आमचे पैसे फुकट गेले’ एवढ्यावर कोणी दाद देणार नाही. नोंदींसह दिलेल्या अर्जाचा विचार होतो. तो वेळेत करावा, कारण सर्व्हरवरील जुन्या नोंदी पुसल्या जातात.

काम एजन्सीकडे असेल, तर जाहिरातीचे खाते आपल्या पेढीच्या नावे आणि आपल्या ई-मेलवर असावे. एजन्सीला फक्त कामापुरता प्रवेश द्यावा. खर्चाच्या टक्केवारीवर मेहनताना ठरलेला असेल, तर खर्च वाढण्यात त्यांचाही लाभ असतो, हे लक्षात ठेवावे. क्लिक रोखणारी सॉफ्टवेअर विकणारे मोठमोठे आकडे सांगून भीती घालतात. त्यांचे साधन घ्यायचे तर जरूर घ्यावे, पण महिनाभर वहीशी ताडून. चौकशीची किंमत कमी झाली नाही, तर ते साधन हा आणखी एक खर्च.

शेजाऱ्याविषयी

आता सर्वांत नाजूक गोष्ट. आयपी पत्ता म्हणजे माणसाचे नाव नव्हे. तो जोडणी कोणाची हे इंटरनेट कंपनीला ठाऊक असते, आणि ती माहिती ती पोलीस किंवा न्यायालयालाच देते. त्यामुळे अहवालात आपल्याच शहराचे नाव दिसले म्हणून समोरच्या पेढीवर आळ घेणे योग्य नाही. त्याच बाजारात तीन पिढ्या उठबस असते, अडीनडीला माल उसना दिला-घेतला जातो, घरांत सोयरीक असते. वीस हजार रुपयांचे नुकसान दोन महिन्यांत भरून निघते. भर बाजारात उच्चारलेला खोटा आळ भरून निघत नाही. यंत्राने केलेल्या चोरीसाठी माणूस तोडू नये.

आणि हीच गोष्ट उलट बाजूनेही पाळावी. ‘त्यांच्या जाहिरातीवर चार क्लिक मार’ असे दुकानातील मुलाला गमतीने सांगणे म्हणजे त्यांच्या गल्ल्यातून दीडशे रुपये काढण्यास सांगणे आहे. त्या मुलाने ते शिकले, तर उद्या तो आपल्या गल्ल्याकडेही तशाच नजरेने पाहील.

वडिलांनी आणि मुलाने महिन्यातून एकदा ती सात रकान्यांची वही मध्ये ठेवून बसावे. वडिलांना कीवर्ड कळला नाही तरी चालेल. एका चौकशीला किती रुपये पडले, हा प्रश्न त्यांना कोणत्याही तज्ज्ञाहून चांगला विचारता येतो. मुलाला त्याचे उत्तर आकड्यांत देता आले, की जाहिरात चालू ठेवायची की थांबवायची, हा वाद उरत नाही. तो व्यापाराचा साधा निर्णय होतो.